निधी घरापर्यंत पोचायला हवा

बालगृहांची संख्या वाढवायला सरकारने जास्त पैसा द्यावा, असं एका लेखात म्हटलंय. मला हे पटत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ मध्येच स्पष्ट आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय.

इंदूरला रामबागेत राहते, बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तिसरीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा उघडायचाच नाही. पाठीवर हात ठेवला की अंग चोरायचा. दंडावर वळ दिसले. वडिलांचं काम सुटलेलं, घरात दारू, आई चार घरी पोळ्या लाटणारी. तिला मी घरी बोलावलं तर ती आधी अर्धा तास नुसती रडली. तिला धीर द्यायला, नवऱ्याला समजवायला कुणी तरी हवं होतं हो!

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत कुटुंबातच राहणाऱ्या गरजू मुलासाठी महिना ४००० रुपयांची तरतूद आहे, केंद्र आणि राज्य ६०:४० वाटा उचलतात. किती आयांना हे माहीत आहे? अर्ज कोण भरून देणार? वाढीव पैसा घरोघरी जाणाऱ्या समाजसेविकांच्या पगारावर आणि समुपदेशनावर घाला. आणि तो पगार दर महिन्याला होऊ द्या.