शिट्टी थांबली म्हणजे दमा उतरला असे नव्हे

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे. "ताई, छातीतली शिट्टी आता ऐकू येत नाही, म्हणजे उतरलं ना?" असे तिने विचारले, कारण तिच्या सासरच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या संदेशात तसेच लिहिले होते. घरी स्टेथोस्कोप ठेवा, तो सदऱ्यावरूनही चालतो, शिट्टी थांबली की दम्याचा झटका ओसरला असे समजा, छाती स्वच्छ ऐकू आली तर न्यूमोनिया नाही, आणि डॉक्टर तरी अंदाजच बांधतात, असे त्या संदेशाचे म्हणणे आहे. मी परिचारिका आहे आणि यांतला शिट्टीचा मुद्दा जीवघेणा आहे.

अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा जोराने जाते म्हणून शिट्टी वाजते. नलिका मोकळ्या झाल्या की ती थांबते, हे खरे. पण नलिका फार आवळल्या किंवा मूल थकून गेले, की पुरेशी हवाच आत-बाहेर होत नाही आणि तेव्हाही ती थांबते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या दम्यावरील मार्गदर्शक सूचनांत ही 'शांत छाती' ओठ निळे पडणे, भान हरपू लागणे आणि रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली जाणे यांच्याच पंक्तीत, जिवाला धोका असल्याचे लक्षण म्हणून दिलेली आहे.

मी बहिणीला स्टेथोस्कोप बाजूला ठेवून मुलाकडे पाहायला सांगितले. तो दोन्ही हात गादीवर टेकून पुढे वाकून बसला होता, बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती आणि दोन शब्द बोलताना त्याला मध्येच थांबावे लागत होते. स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, दम्याच्या औषधाचा पंप देत त्याला तत्काळ रुग्णालयात नेले. तिथे ऑक्सिजन आणि नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार श्वासावाटे देणारे यंत्र) सुरू झाल्यावर काही वेळाने शिट्टी पुन्हा ऐकू येऊ लागली, आणि सुधारणेची पहिली खूण हीच होती, कारण हवा पुन्हा खेळू लागली होती.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. सदऱ्यावरून ऐकले तर कापडाची खसखस फुप्फुसाचा आवाज म्हणून कानी पडते. स्टेथोस्कोपची तबकडी उघड्या त्वचेवरच टेकवावी लागते आणि पाठीवरही दोन्ही बाजू ताडून पाहाव्या लागतात. छाती स्वच्छ ऐकू येऊनही न्यूमोनिया असू शकतो.

डॉक्टरांच्या ऐकण्यातही फरक पडतो, एवढे मात्र मला नाइलाजाने मान्य करावे लागते. एकाला ऐकू आलेली बारीक चरचर दुसऱ्याला येत नाही. पण नेमके म्हणूनच केवळ स्टेथोस्कोपवर भिस्त न ठेवता श्वासांचा वेग मोजतात, ऑक्सिजन पाहतात आणि गरज पडल्यास एक्स-रे काढतात. खोकला असलेल्या एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो वेगवान श्वास ठरतो. हे मोजायला स्टेथोस्कोप लागत नाही. मूल शांत असताना सदरा वर करून, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे लागते.