सेटर एकच आहे, हे मी धरलंच नव्हतं

नमस्कार. तुमच्या कमेंटला एका ओळीत उत्तर देणं बरोबर नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की मोठी ऑर्डर एकाच सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) लावून ठेवू नका, सारखी तीन मशिनं असतील तर तिन्हींवर वाटा. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे कागदावरचं गणित आहे, तीन मशिनं म्हणजे तीनदा सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन तयार करणं), ते करणारा सेटर एकच, आणि उभ्या मशीनचा हप्ता बँक माफ करत नाही, त्यामुळे लॉट (एका सेटिंगवर सलग काढायचे नग) जितका मोठा तितकं बरं.

सेटरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या हिशोबात तिन्ही सेटिंग एकदम सुरू होत होती, ते चुकलंच. तुमचेच आकडे घेऊन परत मांडतो. १२०० नग, एका नगाला ३ मिनिटं सायकल टाइम म्हणजे ६० तास कटिंग, सेटिंग दीड तास. एकाच मशीनवर ६१.५ तास. तीन मशिनांवर ४००-४०० लावले आणि सेटर एकामागून एक फिरला तर मशिनं २१.५, २३ आणि २४.५ तासांनी मोकळी होतात, जादा गेले ते दोन सेटिंगचे ३ तास.

आता अशाच तीन ऑर्डरी घ्या, अ, ब, क. प्रत्येकीला एकेक मशीन दिलं तर माल ६१.५, ६३ आणि ६४.५ तासांनी तयार. तिन्ही वाटून एकामागून एक काढल्या तर २४.५, ४६ आणि ६७.५. म्हणजे अ ३७ तास आधी, ब १७ तास आधी, आणि क ३ तास उशिरा. तिन्ही कस्टमरना माल एकाच दिवशी हवा असेल तर तुमची पद्धत बरोबर, हे मी पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. पण अ चा डिस्पॅच परवा असेल आणि क चा पुढच्या आठवड्यात, तर ३ तासांसाठी ३७ तास सोडू नका.

आणि तुमच्या कमेंटमुळेच एक गोष्ट नव्याने लक्षात आली. मागे दुसरा जॉब नसेल तर समान वाटप चुकीचं, आधी सुरू होणाऱ्या मशीनला जास्त नग द्यायचे, ४३०, ४०० आणि ३७०, की तिन्ही बरोबर २३ तासांवर संपतात. पण मागे जॉब उभा असेल तर ४००-४००च ठेवा, कारण मग मशिनं दीड-दीड तासाच्या अंतराने मोकळी होतात आणि सेटरला एकावरून दुसऱ्यावर सरळ जाता येतं, कुठलंच मशीन त्याची वाट बघत उभं राहत नाही.

६० नगांची ऑर्डर मात्र अजिबात फोडू नका, साडेचार तासांचं काम तिन्ही मशिनांचे मिळून साडेसात तास खातं.

पण "लॉट जितका मोठा तितकं बरं" हे मी मान्य करणार नाही. एका मशीनवर चालवा, पण १२०० पूर्ण होईपर्यंत माल अडवून का ठेवायचा? पहिला १०० चा क्रेट साडेसहा तासांत पुढच्या कामाला, म्हणजे ग्राइंडिंगला, जाऊ शकतो. आमच्याकडे एकदा बोअर (नगाचं आतलं भोक) ओव्हरसाइज गेला आणि ते कळलं कधी, तर आख्खा लॉट टर्निंगवरून (सीएनसीवरच्या कटिंगवरून) उतरून ग्राइंडिंगवर पहिला पीस लागला तेव्हा. ते भरलेले क्रेट अजून डोळ्यासमोर आहेत, आणि तेव्हापासून क्रेट भरला की पुढे पाठवायचाच, यावर मी हटून बसतो. वाटप केलं असेल तर प्रत्येक मशीनचे क्रेट वेगळे ठेवा आणि फर्स्ट पीस तिन्हींवर तपासा, नाहीतर कुठल्या मशीनचा ऑफसेट (टूलच्या जागेचं मशीनमधलं माप) सरकला ते शोधता येत नाही.

राहिला दीड तास. तो दगडावरची रेघ नाही. टोयोटात शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनी १९६९ च्या सुमारास १००० टनी प्रेसचं सेटिंग ४ तासांवरून आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आणलं. आपलं तेवढं होणार नाही, सॉफ्ट जॉचं (नग पकडणाऱ्या मऊ जबड्यांचं) बोअरिंग मशीनवरच करावं लागतं, पण इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली), होल्डर, गेज, प्रोग्रॅम हे सगळं आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर लावून ठेवता येतं. पुढचं सेटिंग होईल तेव्हा मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघा, नुसती शोधाशोध किती मिनिटं चालते, आणि तो आकडा मला कळवा. दीड तासाचा पाऊण तास झाला तर क चा ३ तासांचा उशीर दीड तासावर येतो.