‘ऑस्ट्रेलियातले गोरे म्हणजे कैद्यांची अवलाद’: हा फॉरवर्ड आता पुरे

भाचीचं लग्न मेलबर्नच्या मुलाशी ठरलं नाही तोच ताईच्या फोनवर येऊन पडलं: ‘ऑस्ट्रेलियातले सगळे गोरे इंग्लंडने हाकललेल्या खुनी-दरोडेखोरांची अवलाद. म्हणूनच सरकारने त्यांची कागदपत्रं जाळली. खरं घराणं कळायला आडनावाचं मानचिन्ह (ढालीवरची घराण्याची खूण) बघा.’ पाठवणाऱ्याचं काय गेलं? झोप ताईची उडाली.

‘सगळे’? १७८८ ते १८६८ मध्ये मिळून साधारण १ लाख ६२ हजार कैदी तिकडे नेले. उलट १८५१ला सोनं सापडल्यावर एकट्या व्हिक्टोरिया वसाहतीची (मेलबर्न तिथलंच) वस्ती दहा वर्षांत ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर गेली. ही गर्दी बेड्यांतून आलेली नव्हती. दक्षिण ऑस्ट्रेलिया तर १८३६ला वसवली तीच कैदी आणायचे नाहीत असं ठरवून.

आमच्या होणाऱ्या जावयाचे पूर्वज इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे खाणकामगार, सोन्यापायी व्हिक्टोरियातल्या बेंडिगोला आलेले. ही ऐकीव गोष्ट नाही. व्हिक्टोरियातला १८५३ नंतरचा मृत्यूचा दाखला एकदा बघाच. इंग्लंडच्या तेव्हाच्या दाखल्यावर आईबापांचा पत्ता नसतो. इथे आईचं माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, जन्मगाव, वसाहतीत काढलेली वर्षं, लग्न कुठे झालं, मुलांची नावं-वयं, सगळं एका कागदावर. जावयाच्या पूर्वजाच्या दाखल्यावर जन्मगाव कॉर्नवॉलमधलं रेडरुथ आहे. तिथून पुढचा माग तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. माहिती सांगणारा मुलगा नाहीतर जावई, त्यामुळे आजीचं नाव चुकूही शकतं. म्हणून वहीशी ताडून घ्यायचं. फॉरवर्ड करणाऱ्याने यातलं काय ताडलं होतं?

खुनी म्हणाल तर खुन्याला बहुधा इंग्लंडातच फासावर चढवत. जहाजावर चढले ते बहुतेक चोरीमारीचे, पुष्कळांना शिक्षा सात वर्षांची.

कागद जळले, हे अर्धं खरं. तेवढं मान्य करावंच लागतं. १८८२ला सिडनीच्या गार्डन पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला आग लागली, त्यात १८८१च्या जनगणनेचे कागद गेले. कैदी पूर्वज लपवणारी घराणीही होती. पण कैद्यांच्याच नोंदी शाबूत आहेत! उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदण, सगळं टिपलेलं. २००७ला युनेस्कोने त्या जागतिक स्मृतीच्या यादीत घेतल्या. सरकारला लपवायचंच असतं तर आधी याच जाळल्या असत्या.

आडनावाचं मानचिन्ह म्हणून जे विकतात ती शुद्ध दुकानदारी. इंग्लंडात मानचिन्ह माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला नाही. पाठवणाऱ्याने आता एवढं तरी ताईला फोन करून सांगावं.