माकडं मारून माकडताप जाणार नाही

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग-सावंतवाडीकडे मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो: "माकडताप माकडांपासून होतो. माकडं हाकला, जमल्यास मारा. आजाऱ्याजवळ जाऊ नका." तिन्ही वाक्यांनी नुकसान होतं.

पहिलं वाक्य. या तापाचा विषाणू माणसाला देते ती गोचीड, मुख्यतः हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीची. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं-वानरं मरू लागली, माणसंही आजारी पडली आणि तापाला माकडाचं नाव चिकटलं. या गोचिडीचं आयुष्य तीन जनावरांवर जातं. मादी पाचोळ्यात ढिगाने अंडी घालते. पिल्लं उंदीर, चिचुंद्र्या, खारी, पाखरं यांचं रक्त पिऊन गळून पडतात आणि कात टाकतात. मग येते ती मधली अवस्था, खसखशीएवढी. साधारण डिसेंबर ते मे माणसाला चावते ती हीच. पूर्ण वाढलेली गोचीड गुरं, गवे असली मोठी जनावरं धरते. गुरांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही, पण गोचिडींची पैदास त्यांच्यावर पोसली जाते. एवढ्या जनावरांतून बोट माकडाकडेच का? मेलेलं माकड दिसतं, बिळातला उंदीर दिसत नाही.

आता मारण्याचं. माकडाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. लागण झालेल्या माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो. पण ते मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तीच जागा सर्वांत धोक्याची होते. मेलेलं माकड ओढून नेणारा त्या स्वतःच्या अंगावर घेतो. हाकललेला कळप गोचिडी शेजारच्या वाडीत नेतो. म्हणून मेलेल्या माकडाला हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा; भोवतीच्या ५० मीटरांत फवारणी करतात. काजू वेचताना पूर्ण बाह्या घाला, पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा.

तिसऱ्या वाक्याचा मला सर्वांत राग येतो. हा ताप माणसापासून माणसाला होत नाही. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात, खास औषध नाही. वेळेवर दवाखाना, पाणी आणि शुश्रूषा यांवरच माणूस उठतो. त्याच्याजवळ बसा, त्याला पेज भरवा.