गुणिले साठ

कॅनडात व्हँकुव्हरला पाहुणे आले की पहिले तीन दिवस समुद्र, डोंगर आणि कॉस्टकोत निघून जातात. चौथ्या दिवशी पाऊस लागतो (नोव्हेंबर असेल तर तो विमानतळावरच घ्यायला आलेला असतो) आणि कुणीतरी म्हणतं, "म्युझियम तरी बघू या." इथून खरी परीक्षा सुरू होते. तिकीट-खिडकीपुढचा प्रत्येक मराठी माणूस डॉलरचे रुपये करायला मनातल्या मनात साठने गुणत असतो. चार जणांचा गुणाकार पुरा झाला की चेहरे पडतात. त्यात बऱ्याच ठिकाणी फलकावरच्या दरात 5 टक्के जीएसटी धरलेला नसतो. जीएसटीने इथेही पाठ सोडली नाही म्हटल्यावर उरलेसुरले अवसान जातं आणि सगळे एकमुखाने ठरवतात: आता वसूल करायचं! पोटऱ्या, कंबर, भूक आणि भांडण हे म्युझियमचे चारही विकार या एका ठरावातून उद्भवतात, असं माझं ठाम मत आहे.

गोंधळाचा नारळ बसच्या दारातच फुटतो. इथलं बस-रेल्वेचं कंपास कार्ड माणशी एक लागतं. एकच कार्ड चारदा टेकवून चौघांना आत घेता येत नाही, आणि ड्रायव्हरला "फॅमिली, फॅमिली" म्हणूनही उपयोग नाही. कार्डाचे 6 डॉलर अनामत पडतात, ते परत मिळतात. बारा वर्षांपर्यंतची मुलं फुकट. बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना नाही. स्कायट्रेनला, म्हणजे इथल्या मेट्रोला, मात्र बाहेर पडतानाही टेकवायचं. विसरलात तर जास्तीत जास्त झोनचं भाडं कापलं जातं, मग पुन्हा गुणिले साठ.

युनिव्हर्सिटीकडे जाणारी 99 नंबरची बस सकाळी विद्यार्थ्यांनी दादरच्या लोकलसारखी भरलेली असते. दहानंतर निघा, बसायला मिळेल. शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोर म्युझियम असेल या समजात राहू नका. तिथून मानवशास्त्र संग्रहालय चांगलं पंधरा मिनिटं चालल्यावर येतं. "आलंच, आलंच" हे वाक्य या रस्त्यावर फार वापरलं जातं.

ते एकच म्युझियम बघायचं असेल तरी चालेल, इतकं ते मोठ्या तोलाचं आहे. इमारत वास्तुकार आर्थर एरिक्सनची, 1976 ची. टोटेमचे, म्हणजे आदिवासींच्या कुलचिन्हांचे, उंच कोरीव खांब असलेला काचेचा दालनभाग भूकंपाच्या भीतीने पाडून पुन्हा जसाच्या तसा बांधला आणि जून 2024 मध्ये उघडला. नवा पाया असा आहे की जमीन हलली तरी वरचा डोलारा तिच्याबरोबर हिसकला जाऊ नये. आल्याआल्या या दालनात तासभर फोटो काढण्यात घालवणं ही पहिली चूक. उजेड दिवसभर असतो, पाय मात्र सकाळचेच काय ते ताजे. तेव्हा आधी आतल्या कपाटांकडे वळा.

इथे आपले संस्कार आडवे येतात. काचेच्या कपाटांत हजारो वस्तू खच्चून मांडल्या आहेत, आणि खाली खण आहेत. ते खण प्रेक्षकांनी ओढून उघडायचेच असतात. पण "वस्तूंना हात लावू नये" ही पाटी वाचत लहानाचे मोठे झालेले आपण हात पाठीमागे बांधून शिस्तीत पुढे सरकतो, आणि निम्मं म्युझियम खणांतच राहतं. खण सावकाश ओढा. वर काच असते, तिच्याखाली टोपल्या, दागिने, बारीक कोरीवकाम. शेजारचा गोरा मुलगा फटाफट दहा खण उघडतो तेव्हा त्याला दटावायला जाऊ नका. बरोबर तोच आहे.

हायडा आदिवासी शिल्पकार बिल रीडचं 'कावळा आणि पहिली माणसं' हे 1980 चं पिवळ्या देवदाराचं शिल्प गोल दालनात आहे. हायडा कथेतला प्रचंड कावळा शिंपल्यावर पंख पसरून बसलाय आणि शिंपल्यातून इवलाली माणसं डोकावतायत, काही बाहेर यायला बघतायत, काहींना आतच बरं वाटतंय. खालचा चौथरा दुसऱ्या महायुद्धातल्या तोफेचा आहे. हेच शिल्प 2004 मालिकेतल्या वीस डॉलरच्या नोटेवर छापलेलं होतं. हे सांगितलं की गुणाकारवाले जरा वेळ तरी शिल्पाकडे आदराने बघतात. एकदा पूर्ण प्रदक्षिणा घाला. बाहेर यायला घाबरलेले मागच्या बाजूला आहेत.

दोन-अडीच तासांत पोटऱ्या बोलू लागतात. भराभर चालण्यापेक्षा दोन पावलं, थांबा, वाचा, पुन्हा दोन पावलं हे जास्त थकवतं, कारण कडक फरशीवर उभं राहण्यातच जीव जातो. नवे कोरे बूट या दिवशी नकोत. पाठीवरची सॅक पोटावर घ्या किंवा लॉकरमध्ये टाका, कारण वळताना तिची धडक कशाला बसली ते आपल्याला दिसत नाही. दशम्या-चटणीचा डबा दालनात उघडायचा नाही. बाहेर पाऊस नसेल तर मागच्या हिरवळीवर चालतो.

युनिव्हर्सिटीच्याच आवारात बीटी जैववैविध्य संग्रहालय आहे. निळ्या देवमाशाचा 26 मीटरचा सांगाडा तिथे काचेच्या दर्शनी दालनात टांगलाय, आणि तो तिकीट न काढता रस्त्यावरूनही दिसतो! ही बातमी पाहुण्यांना आधी सांगू नये, नाहीतर आत कुणी येत नाही. हा मासा 1987 मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या किनाऱ्याला लागला. तिथेच पुरला. वीस वर्षांत मांस कुजून हाडं मोकळी झाली असतील या हिशेबाने खणायला गेले, तर चिकट मातीत हवा न शिरल्याने मांस शाबूत आणि दुर्गंध ताजा. पुढे हाडांतलं तेल काढण्यात आणखी वेळ गेला. वसुली म्हणतात ती ही.

खाडीकाठच्या व्हॅनियर पार्कला दुसऱ्या दिवशी जा, त्याच दिवशी नको. तिथे तीन संस्था शेजारीशेजारी असल्यामुळे तिन्ही एका दमात उरकण्याची दुर्बुद्धी हमखास होते. शहराच्या म्युझियमचं छप्पर विणलेल्या टोपीसारखं आहे आणि दारात पोलादी खेकडा कारंज्यात उभा आहे. पाहुण्यांची अर्धी फोटोगिरी तिथेच संपते, संपू द्यावी.

वेळ ठेवावी ती सागरी संग्रहालयातल्या सेंट रॉकसाठी. 1928 ची ही पोलिसांची लाकडी नौका जमिनीवर आणून तिच्याभोवतीच तिकोनी इमारत उभारली आहे. तळ अंड्यासारखा गोल, म्हणजे बर्फाने दाबलं तर ती चिरडण्याऐवजी वर उचलली जावी. उघड्या समुद्रात मात्र ती यामुळेच भयंकर डोलायची. 1940 मध्ये इथून निघून उत्तर ध्रुवाकडच्या वाटेने पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सला पोचायला तिला 28 महिने लागले. 1944 मध्ये परतताना 86 दिवस. वर चढता येतं, पण जिने उभे आणि दारं बुटकी. गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच बघावं, आणि सहा फुटी भाच्यांना "डोकं!" म्हणून आधीच ओरडावं, नंतर उपयोग नसतो.

संग्रहालयापुढच्या धक्क्यावरून छोट्या होड्या बाजारासाठी प्रसिद्ध ग्रॅनव्हिल आयलंडला जातात. खाडीत दोन कंपन्यांच्या होड्या फिरतात, एक निळी आणि एक इंद्रधनुष्यी रंगांची. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही, कंपास कार्ड तर कुठेच नाही, आणि या धक्क्याला लागते ती निळीच. परतीचं तिकीट घेतलं असेल तर ग्रॅनव्हिल आयलंडवरून निघताना रंग बघून चढा. नाहीतर पुन्हा पैसे काढावे लागतात आणि मागून कुणीतरी पुटपुटतं, "गुणिले साठ."