लेड झेपेलिनवरील माहितीपट आणि मुंबईतले ध्वनिमुद्रण : एक खुलासा

'बिकमिंग लेड झेपेलिन' या माहितीपटात लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणाची दृश्ये आहेत, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. बर्नार्ड मॅकमाहन दिग्दर्शित हा चित्रपट सदस्यांच्या बालपणापासून सुरू होतो आणि जानेवारी 1970 मधील लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमापाशी थांबतो. बँडचे गिटारवादक जिमी पेज व गायक रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत स्थानिक वादकांसह ध्वनिमुद्रण केले, ही गोष्ट मात्र खरी आहे आणि आपल्याला तिचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु ते वर्ष 1972 होते, आणि ती ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे 2015 मध्ये, 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीतून प्रसिद्ध झाली.