हाताची घडी, तोंडावर बोट

आमच्या गेम डेव्हलपमेंट क्लबमध्ये नियम एकच आहे. आपला गेम परका माणूस खेळत असताना आपण बोलायचं नाही. ‘उजवीकडे जा’ म्हणायचं नाही, ‘अहो, ते बटण’ म्हणायचं नाही, सूचक खोकायचंही नाही. याला प्लेटेस्टिंग म्हणतात. उद्या गेम कुणाच्या घरी गेला तर त्याच्याबरोबर आपण काही जाणार नाही, तेव्हा जे सांगायचं ते गेमनंच सांगितलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. विचार पटण्यासारखा आहे. मीटिंगमध्ये बसून ऐकताना तर फारच पटतो.

क्लबमध्ये कामाची वाटणी आपोआप होते. ज्याला कोड येतो तो प्रोग्रॅमर, जिला चित्रं येतात ती आर्टिस्ट, ज्याच्याकडे हेडफोन चांगले आहेत तो संगीतकार. ज्याला यातलं काहीच येत नाही पण मतं भरपूर आहेत तो डिझायनर, म्हणजे मी. आणि स्टॉलवर उभं राहायची वेळ आली की बाकीच्यांना अचानक आठवतं की खेळाडूचा अनुभव हा डिझायनरचा विषय आहे.

गेम बनतो तो जॅममध्ये. ठरलेल्या वेळात, आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर गेम करून दाखवायचा. लुडम डेअर हा जॅम 2002 पासून चालू आहे, ग्लोबल गेम जॅम 2009 पासून. 48 तासांची प्रथा अशाच जॅममधून रुजली. 48 तास ऐकायला पुष्कळ वाटतात. त्यातले पहिले काही तास ‘मल्टिप्लेअर करूया’ म्हणणाऱ्या नव्या सभासदाला समजावण्यात जातात. शेवटचे काही तास, एकाच सीन फाइलमध्ये दोघांनी केलेले बदल गिटला, म्हणजे सगळ्यांचं काम जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला, एकत्र करता न आल्यामुळे, कोणाचं काम फेकायचं या वादात जातात. मधल्या वेळात आमचा टपाल्या तयार झाला. छपरांवरून उड्या मारत पत्रं पोचवणारा टपाल्या. आर्टिस्टनं त्याला इतकी सुंदर झोळी काढली की त्याचे पाय काढायला वेळच उरला नाही. धावताना तो घरंगळतो. ती शैली आहे असं आम्ही ठरवलं.

मग आला मेळावा. असे मेळावे भरवणारे गेमिंगचे खरे भक्त असतात, आणि विद्यार्थ्यांच्या गेमना ते फुकट टेबल देतात, त्यामुळे जागेबद्दल तक्रार करायला तोंड नसतं. आमचं टेबल फायटिंग गेमच्या स्पर्धेला चिकटून होतं. तिकडे बाद फेरी रंगलेली, खुर्च्यांवर उभे राहिलेले प्रेक्षक, दर फटक्याला आरोळी. इकडे आमचा टपाल्या, मंद बासरी, आणि मी. पहिल्या तासात आमच्या स्टॉलवर आलेल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘इथे चार्जिंग पॉइंट आहे का?’

पहिला खरा खेळाडू आला आणि बसताक्षणी डावीकडे निघाला.

डावीकडे काही नव्हतं. गेम उजवीकडे होता. पत्रं उजवीकडे, छपरं उजवीकडे, उजवीकडे दाखवणारा भला मोठा बाणसुद्धा होता. पण मुरलेला खेळाडू बाण पाहिला की मुद्दाम उलटा जातो, कारण गेम बनवणारे सगळी गुपितं तिथेच लपवतात असा त्याचा पूर्वानुभव असतो. तो भिंतीला जाऊन टेकला. तिथं उड्या मारल्या. सगळी बटणं दाबून पाहिली. मी हाताची घडी घातली, जीभ दाताखाली धरली. तो भिंतीकडे बघत होता, मी त्याच्याकडे. शेवटी ‘छान आहे’ म्हणून तो उठला. त्याच्या लेखी आमचा गेम म्हणजे एक भिंत होती.

पुढच्या आवृत्तीत आम्ही शहाणपणा करून डावीकडे एक झोपलेलं मांजर ठेवलं, म्हणजे आलेला माणूस निदान हात हलवत परत जाऊ नये. तेव्हापासून लोक मांजराशीच थांबतात. ‘कुरवाळायचं बटण कुठलं?’ हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की वहीत खुणा करायचं मी सोडून दिलं. पत्रं अजून तशीच आहेत.

सूचना कोणी वाचत नाही हे तर लवकरच कळतं. पहिल्याच पडद्यावर ‘उडी मारण्यासाठी स्पेस दाबा’ असं ठळक लिहिलेलं आहे. तो पडदा घालवण्यासाठी लोक स्पेस दाबतात आणि मग ‘उडी कशानं मारायची?’ असं मला विचारतात. मी गप्प. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की हा मुलगा इथं कशाला उभा केलाय.

अशा वेळी मला 1958 सालचे ते भाग्यवान लोक आठवतात. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञानं पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, टेनिसचा खेळ मांडला होता. चेंडू म्हणून एक ठिपका, फिरवायला एक खुंटी आणि दाबायला एक बटण. लोकांनी रांगा लावल्या. एकच बटण असलं की दुसरं दाबायची सोयच राहत नाही. ही दूरदृष्टी पुढे आमच्या धंद्यातून गेली.

‘मी बटण दाबलं होतं!’ ही खेळाडूंची दुसरी लाडकी ओळ. छपराच्या कडेवरून उडी मारताना बहुतेकांचं बोट किंचित उशिरा पोचतं, टपाल्या खाली जातो, आणि खेळाडू कंट्रोलर उलटासुलटा करून बघतो. यावर सगळ्या चांगल्या गेममध्ये एक गुपचूप उपाय असतो. कड सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करायची. कार्टूनमधला कोयोटे हा कोल्ह्यासारखा प्राणी कडा संपल्यावरही हवेत धावत राहतो, म्हणून याला कोयोटे टाइम म्हणतात. आमच्या प्रोग्रॅमरला हे तत्त्वतः मान्य नव्हतं. ‘पडला म्हणजे पडला,’ तो म्हणाला. ‘हवेत उभं राहून उडी कशी मारेल?’ पाय नसलेला टपाल्या घरंगळत पत्रं वाटतो, तिथे याला गुरुत्वाकर्षण आठवलं. बऱ्याच वादानंतर त्यानं सेकंदाचा दहावा भाग मंजूर केला, तोही उपकार केल्यासारखा. त्यानंतर ‘मी दाबलं होतं’ म्हणणारे गायब झाले. गेम जास्त न्यायी वाटतो असं लोक म्हणू लागले, म्हणजे खेळाडूला न सांगता लबाडी केली की तो तिला न्याय म्हणतो.

दुपारी शेजारच्या स्पर्धेतला एक कंट्रोलर बंद पडला म्हणून त्यांनी आमचा उसना नेला. कंट्रोलर वायरलेस. लॅपटॉपशी असलेली त्याची जोडणी कोणी तोडलेली नव्हती. स्पर्धावाले या बाबतीत फार कडक असतात, कारण असा एखादा विसरलेला कंट्रोलर ऐन लढतीत गेम थांबवू शकतो. इथे उलटं झालं. तिकडे दोन खेळाडू जीव खाऊन बटणं बडवत होते आणि त्यातल्या एकाच्या तालावर इकडे आमचा टपाल्या एकटाच नाचू लागला. पुढे, मागे, उडी, उडी, उडी. समोर एक गृहस्थ हाताची बोटं गुंफून शांतपणे बघत होते. बराच वेळ बघून त्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘टपाल्याची कृत्रिम बुद्धिमत्ता वाखाणण्याजोगी. फक्त थोडा संतापी वाटतो.’ दिवसभरातला तो सर्वांत चांगला अभिप्राय होता. नियम पाळून मी काहीही बोललो नाही.

आणि मग तो मुलगा आला. वय दहाच्या आसपास, सूचनांची स्क्रीन न बघता पार केलेली, मांजराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांत उंच छपरावर चढला, तिथून भिंतीच्या दिशेनं झोकून दिलं आणि टपाल्या भिंतीच्या आरपार गेला. पलीकडे शेवटचं घर होतं. पाच टप्पे वगळून त्यानं शेवटचं पत्र टाकलं.

यामागचं गणित प्रोग्रॅमरनं नंतर समजावलं. युनिटीत, म्हणजे आम्ही गेम बनवतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, मूळ मांडणीनुसार टकरींचा हिशेब सेकंदाला 50 वेळा होतो. टपाल्याचा वेग सेकंदाला 50 एकक असेल, तर दोन हिशेबांच्या मध्ये तो पूर्ण एक एकक पुढे सरकतो. भिंत अर्ध्या एककाची. एका हिशेबात तो भिंतीच्या अलीकडे, दुसऱ्यात पलीकडे. मध्ये काय झालं ते कोणी पाहिलंच नाही, म्हणून टक्करही झाली नाही. ‘म्हणजे बग आहे,’ मी म्हणालो. त्यावर त्यानं इतिहास काढला. 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होत जातात तसे वेगानं येतात, कारण कमी चित्रं काढायची असल्यानं यंत्राला फुरसत मिळत गेली, आणि तो गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी तो परिणाम तसाच ठेवला. गोट सिम्युलेटर तर एका कंपनीच्या घरच्या जॅममधून निघाला आणि 2014 मध्ये आपल्या बग्जसकट विकला गेला. प्रत्येक प्रोग्रॅमरला हे दोन दाखले तोंडपाठ असतात. आपल्या बगसाठी. दुसऱ्याच्या बगला तो बगच म्हणतो.

तरी त्यानं तो दुरुस्त केला. टकरींच्या रकान्यात ‘डिस्क्रीट’च्या जागी ‘कंटिन्युअस’ निवडलं, म्हणजे दोन हिशेबांमधला प्रवासही तपासायचा, एवढंच. भिंत पक्की झाली. आम्ही पुढच्या मेळाव्यात मान वर करून टेबल मांडलं.

तो मुलगा पुन्हा आला. या वेळी दोन मित्र घेऊन, त्यांना भिंतीतून जाऊन दाखवायला. थेट सर्वांत उंच छपरावर चढला, झोकून दिलं, आणि टपाल्या भिंतीवर आपटून घरंगळत मांजरापर्यंत आला. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा आपटला. मित्र हसायला लागले. मग त्यानं माझ्याकडे वळून, डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तसं गंभीर होऊन सांगितलं, ‘दादा, तुम्ही गेम बिघडवलात.’

प्रोग्रॅमरनं हे ऐकलं आणि तो लॅपटॉप घेऊन टेबलाखाली जाऊन बसला. जुनी आवृत्ती परत आणली असती तर काम झालं असतं, पण जुन्या आवृत्तीत टपाल्या अधूनमधून जमिनीतूनही आरपार जायचा. त्याला तो बग त्याच भिंतीत, त्याच छपरावरून आणि दर वेळी हवा होता. घालवताना एक रकाना बदलला होता. परत आणताना त्यानं एक वेगळी स्क्रिप्ट लिहिली, तिच्यात आणखी एक बग निघाला, तो काढला. संगीतकारानं आरपार जातानाचा आवाज केला. आर्टिस्ट म्हणाली, एवढं करताय तर भिंतीला बारीकशी भेगही काढते. संध्याकाळी टेबलं आवरायची वेळ झाली तेव्हा तो वर आला, डोळे लाल, आणि विचारू लागला की तो मुलगा कुठे आहे.

मुलगा कधीच शेजारच्या टेबलावर गेला होता. तिथं फायटिंग गेमच्या कुठल्याशा कोपऱ्यात प्रतिस्पर्ध्याला अडकवायची जागा त्याला सापडली होती.